उडीचं बटण

मोबाइल थरथरला तेव्हा तिच्या चिमट्यात एक दात होता. वरच्या जबड्याचा, डावीकडचा सुळा. मेणाच्या हिरडीत तो रुतवायचा, स्पिरिटच्या दिव्यावर चाकूचं टोक तापवून कडेचं मेण सारखं करायचं, मान तिरकी करून एकदा बघायचं, की पुढचा दात. कवळ्या करण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती आणि ज्या तोंडांत त्या बसल्या त्यातलं एकही तिने पाहिलं नव्हतं. दंतवैद्यांकडून प्लास्टरचे साचे यायचे, इथून कवळ्या जायच्या, मधली माणसं परस्पर हसायची, जेवायची, भांडायची. तिची त्याबद्दल तक्रार नव्हती. माणसं अशी साच्यातून भेटली की बरी असतात, मध्येच कुणी उठून काही विचारत नाही. तिने चिमटा खाली ठेवला आणि मोबाइल उघडला. ‘आपली तक्रार तपासून ग्राह्य धरण्यात आली आहे. संबंधित खेळाडूवर कायमची बंदी घालण्यात आली आहे. खेळातलं वातावरण निकोप ठेवण्यास मदत केल्याबद्दल आभार.’ तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, चांगलंच बरं वाटलं. गेला बेडूक एकदाचा, ती मनात म्हणाली, आणि तिने पुढचा दात उचलला. तेवढ्यात कारखान्याचे मालक, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणत, एक नवा साचा घेऊन आले. “ह्यात जरा लक्ष घाल. ह्या आजींना झटका येऊन गेलाय. ओठाची उजवी बाजू ढिली पडलीय. पाणी प्यायल्या की एका बाजूनं गळतं म्हणे. तेव्हा उजव्या गालाला मेणाची थोडी जास्त भर दे, तेवढाच आधार.” साचा टेबलावर ठेवून ते गेले. तिने तो हातात घेतला आणि तशीच बसून राहिली. पाणी प्यायलं की एका बाजूनं गळतं. हे वाक्य तिने ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं, वाचलं होतं, रविवारी दुपारी, नदीच्या काठावर, आणि त्याला उत्तरही दिलं होतं. चाकूचं टोक स्पिरिटच्या दिव्यावर तसंच राहून काळं पडलं.

नदी म्हणजे खेळातली नदी. कॉम्प्युटरवर जगभरातली हजारो माणसं एकाच वेळी ज्यात शिरतात अशा त्या अवाढव्य खेळात बहुतेक जण मारामाऱ्या करायला, राक्षस लोळवायला आणि एकमेकांपेक्षा चकचकीत चिलखतं मिळवायला येतात. त्या सगळ्या धुमश्चक्रीच्या कडेला एक नदी होती, जिथे मारायला कुणी नव्हतं आणि मिळवायला काही नव्हतं. म्हणूनच, खेळ जिंकायला नाही तर एखादं पात्र होऊन जगायला येणाऱ्या मूठभर मंडळींनी ती उचलली. ती तिथे नावाडी होती. पांढऱ्या दाढीचा, खांद्यावर घोंगडी घेतलेला नावाडी. माणसं यायची, नावेत बसायची, पैलतीरी उतरायची, आणि मधल्या वेळात जे बोलणं व्हायचं त्यासाठी ती आठवडाभर दात बसवायची असं म्हटलं तरी चालेल. काठावर सराई होती, सराई चालवणारी सराईवाली होती आणि तिचा हुकूम सगळ्यांवर चालायचा. तिचा एकच नियम होता, बाहेरचं बाहेर. चपला काढाव्यात तसा आपला संसार, नोकरी, नाव, गाव, पाठदुखी, सगळं दाराशी काढून आत यायचं. आत बोलेल ते पात्र बोलेल. अगदीच अडलं, घराला आग वगैरे लागली, तर दुहेरी कंसात दोन शब्द टाकायचे आणि निघून जायचं. पण दुहेरी कंस वापरणं हे पंगतीत उठून हात झटकण्यासारखं मानलं जाई. तिने इतक्या काळात एकदाही वापरला नव्हता आणि त्याचा तिला अभिमान होता. आणखी एक रीत होती. नवं माणूस टोळीत आलं की सराईवाली त्याच्याकडून उडीचं बटण काढून घ्यायची. कीबोर्डवरचं ते लांब बटण दाबलं की खेळातलं पात्र टुणकन उडी मारतं. खऱ्या माणसाने रस्त्याने जाताना कधी उडी मारलेली पाहिलीय का, असं सराईवाली विचारी. तेव्हा सेटिंगमध्ये जायचं, उडी ह्या शब्दासमोरची जागा रिकामी करायची, धावणं बंद करून चालणं लावायचं, आणि मग काठावर पहिलं पाऊल टाकायचं. तिने ते केलं तेव्हा तिच्या अंगावर शहारा आला होता. काहीतरी कायमचं सोडल्याचा तो शहारा होता आणि आयुष्यात दुसरं काही सोडण्याची वेळ तिच्यावर आली नव्हती, कारण धरलेलंच फार नव्हतं.

दिवेवाले आजोबा तिच्या आधीपासून तिथे होते. संध्याकाळ झाली की, म्हणजे खेळातली संध्याकाळ, ते वाकून चालत यायचे आणि काठावरचे दिवे एकेक करून लावायचे. घाई नाही, गडबड नाही. प्रत्येक दिव्याशी थांबून काहीतरी पुटपुटायचे. त्यांची बायको पुरात गेली होती, मुलगा डोंगरापलीकडे गेला तो आलाच नाही, गुडघा पावसाआधी दुखायचा. हे सगळं तिला ठाऊक होतं. त्या पात्रामागे कोण बसलंय हे मात्र ठाऊक नव्हतं. म्हातारा की तरणा, पुरुष की बाई, जवळच्या गल्लीत की समुद्रापलीकडे, काही नाही. फक्त इतकंच तिच्या लक्षात आलं होतं की ‘वारा सुटलाय, जरा आडोसा करतो’ असं ते म्हणाले की त्यांच्याकडे फोन वाजत असणार, आणि ‘तेल आणतो’ म्हणाले की ते औषध घ्यायला उठत असणार, कारण तेल आणायची वेळ नेहमी तीच असायची. एवढ्यातसुद्धा तिला केवढी तरी माया वाटायची. वडील गेले तेव्हा ती महिनाभर काठावर गेली नव्हती. गेली तेव्हा नावाड्याने दिवेवाल्यांना सांगितलं की माझा बाप गेला. आजोबांनी समोरचा दिवा लावून घेतला. मग म्हणाले, “तू होतास ना रे लेका जवळ?” ती नव्हती. ती कारखान्यात होती, वडील टेबलाशी पेपर वाचता वाचता गेले, आणि आईला वाटत होतं की डुलकी लागलीय. पण नावाडी म्हणाला, “होतो. हात हातात होता.” आजोबा म्हणाले, “मग झालं तर.” त्या तीन शब्दांवर ती कितीतरी दिवस जगली होती. खऱ्या जगात भाऊ, वहिनी, शेजारी, सगळ्यांनी समजूत घातली, पण इतक्या थोडक्यात कुणी घातली नव्हती.

आणि बेडूक. त्याचं खेळातलं नाव काहीतरी इंग्रजी होतं, आकडे लावलेलं, पण काठावर सगळे त्याला बेडूकच म्हणत. शिंगांचं शिरस्त्राण, आगीसारखं पेटलेलं चिलखत, आणि एक क्षण स्थिर उभं राहणं म्हणून नाही. उड्या मारत यायचा, उड्या मारत जायचा, बोलतानाही उड्या. बाहेरचे लोक ह्यांना सोंगाडे म्हणायचे, हे त्यांना उडीमारे म्हणायचे, आणि दोन्ही बाजूंना आपण सहन करतोय असं वाटायचं. बेडकाने काय नाही केलं. नाव भरप्रवाहात असताना तिच्या डोक्यावर येऊन नाचला. सराईत एका पात्राचं लग्न लागत असताना टेबलावर चढला. एका म्हाताऱ्या पात्राची चिता जळत असताना, मंडळी माना खाली घालून उभी असताना, त्याने फटाके उडवले आणि विचारलं, “पार्टी कसली आहे?” सराईवालीचा आदेश असा की अशांना उत्तर द्यायचं नाही. वारा आला, वारा गेला. पात्राच्या नजरेला तो दिसतच नाही असं वागायचं. हे दुर्लक्ष करण्यात ती वाकबगार झाली होती. तो नावेत उडी मारून बसला तरी नावाडी त्याच्या आरपार पैलतीर बघायचा.

तो रविवार तिला आता, साचा हातात धरून बसल्यावर, वेगळ्याच क्रमाने आठवू लागला. दुपार होती. आई बाहेरच्या खोलीत झोपली होती, पंखा कुरकुरत होता, शेजारी कुणीतरी भिंतीत खिळा ठोकत होतं. आजोबा आले. तिसऱ्या दिव्याशी थांबले. “आज काडी धरणारा हात माझा नाही रे नावाड्या,” ते म्हणाले. “कुणाचा तरी दुसऱ्याचा आणून लावलाय.” तिला वाटलं, वा! असं वाक्य सुचायला पाहिजे. तिने नाव काठाला लावली आणि लिहिलं, “नदीचा असेल आजोबा. ती देते कधी कधी उसना.” उत्तर यायला वेळ लागला. तो वेळ तिला फार सुंदर वाटला. “पाणी प्यालो,” ते म्हणाले. “एका बाजूनं गळून गेलं.” नावाडी म्हणाला, “गळलं ते नदीचंच होतं. तिचं तिला मिळालं.” सराईतून दोघंतिघं बाहेर येऊन उभी राहिली होती. असं काही रंगत असलं की कुणी मध्ये बोलायचं नाही, ही रीत. आणि मग बेडूक आला. उड्या मारत, शिंगं हलवत. “ओ आजोबा, हे तुम्हाला खरंच होतंय का?” कुणी पाहिलं नाही. “आजोबा, आरशात बघून हसा बरं. तोंड वाकडं होतंय का? दोन्ही हात वर करा.” सराईवालीने दुहेरी कंस उघडला, म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलंच असणार. ‘कृपया प्रसंगात व्यत्यय आणू नका.’ “तुमचा प्रसंग गेला खड्ड्यात,” बेडूक म्हणाला. “आजोबा, दाराची कडी काढा आधी. मग फोन करा. घरात कोण आहे?” आजोबा म्हणाले, “शब्द येतात. दारात येतात. परत जातात.” आणि नावाड्याने, तिने, ह्याच बोटांनी, लिहिलं, “जाऊ द्या त्यांना आजोबा. दिवा विझत नसतो, तो नुसता नदीत उतरतो.” मग आजोबा एकदा म्हणाले, “वात.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, “वात.” नंतर काही नाही. म्हातारा तिसऱ्या दिव्याशी वाकून उभा राहिला. सगळे त्याच्याभोवती स्तब्ध उभे राहिले. बेडूक एकटा त्या घोळक्यात वर-खाली होत होता. “अरे सोंगाड्यांनो, ह्या माणसाचा नंबर आहे का कुणाकडे? पत्ता? कुणीतरी सांगा ना!” बराच वेळ न हललेलं पात्र खेळ आपोआप बाहेर काढतो. तसे आजोबा हळूहळू फिकट झाले आणि दिसेनासे झाले. सराईवालीने लिहिलं, पुन्हा कंसात, ‘काय काम केलंय! अंगावर काटा आला.’ तिच्याही आला होता. त्या बेडकाने सगळ्याचा विचका केला नसता तर, असं तिला वाटत राहिलं.

“तूच लिही तक्रार,” सराईवालीने निरोप पाठवला. “तुझ्यासारखं नेमकं कुणाला जमत नाही.” तिने लिहिली. रागात नाही, चहा घेऊन, नीट बसून. तक्रारीच्या पानावर प्रकार निवडायचे असतात. शिवीगाळ, फसवणूक, त्रास देणे, आजार वा व्यंगाची टिंगल. शिवीगाळ नव्हती. त्रास होता, पण त्रासाच्या तक्रारी वर्षभर पडून राहतात हा सगळ्यांचा अनुभव होता. टिंगलीवर मात्र लगेच कारवाई होते. तिचं बोट क्षणभर थांबलं होतं. हे आता आठवतंय की तेव्हाही थांबलं होतं? थांबलं होतं. टिंगल नव्हती ती, एवढं तिला कळलं होतं. टिंगल करणारा माणूस तेच तेच इतक्यांदा विचारत नाही. पण चितेपाशी फटाके उडवणाऱ्याचं बोलणं दुसरं काय असणार, असं तिने स्वतःला समजावलं, आणि निवडलं. पुढे व्यवस्थित लिहिलं की एका ज्येष्ठ पात्राच्या आजारपणाच्या हळव्या प्रसंगी सदर खेळाडूने वारंवार तोंड वाकडं होतंय का, हात वर करा, असे प्रश्न विचारून चेष्टा केली. वाक्य अगदी घट्ट बसलं होतं. कवळी बसावी तसं, कुठे फट नाही.

घरी आली तेव्हा आई दार उघडून उभीच होती. “चेहरा असा का? सर बोलले का काही?” तिने मान हलवली. आई चहा टाकता टाकता बोलत राहिली, नळाचं, भावाच्या फोनचं, वरच्या मजल्यावरच्या कुत्र्याचं. तिने मध्येच विचारलं, “आई, बाबा त्या दिवशी काही म्हणाले होते का? त्याच्या आधी?” आई चमचा हलवायची थांबली. “म्हणाले, आज अक्षरं नाचतायत. मी म्हटलं, चष्मा पुसा.” मग चहा गाळत म्हणाली, “आता ते कशाला काढतेस? तुझ्या त्या नदीवर काय झालं का?” आईला नदी माहीत होती. लेक रविवारी दार लावून कुठे जाते ते म्हाताऱ्या बाईने गोड बोलून काढून घेतलं होतं, आणि तुझा तो नदीकाठचा संसार म्हणून चिडवत असे. “तिथले एक आजोबा आहेत, त्यांना बरं नसावं,” ती म्हणाली. “मग फोन कर की.” “नंबर नाही.” “नाव काय त्यांचं?” “माहीत नाही.” “गाव?” तिने कप पुढे ओढला. “कमाल आहे बाई,” आई म्हणाली, “इतकी वर्षं त्यांच्याशी बोलतेस आणि नाव-गाव विचारलं नाहीस? मग बोलत काय होतात?” काय बोलत होतो, हे आईला सांगण्यासारखं नव्हतं. सगळं बोलत होतो. बायको पुरात कशी गेली, वात किती ओढायची, मेलेल्या माणसाचा हात किती वेळ ऊबदार राहतो. तिने कप विसळून ठेवला आणि खोलीत जाऊन कॉम्प्युटर लावला.

काठावर कुणी नव्हतं. खेळातली संध्याकाळ झाली होती आणि तिसऱ्या दिव्यापुढे काळोख होता. दिवे कुणीही लावू शकलं असतं, नुसतं जवळ जाऊन एक बटण दाबायचं, पण आजोबांच्या दिव्यांना हात लावायचा नाही हीही रीत होती. ती तक्रारीच्या पानावर गेली. तिथे नवीन तक्रार नोंदवा असं होतं, तक्रार मागे घ्या असं कुठेच नव्हतं. तिने मदत केंद्राला लिहिलं की माझी चूक झाली, तो खेळाडू टिंगल करत नव्हता, कृपया त्याला परत घ्या, आणि दिवे लावणाऱ्या खेळाडूच्या घरी कुणीतरी चौकशी करा, त्यांचा जीव धोक्यात असेल. उत्तर लगेच आलं, म्हणजे माणसाने लिहिलेलं नव्हतं. निकाली निघालेली तक्रार मागे घेता येत नाही. इतर खेळाडूंची माहिती देता येत नाही. आपला दिवस आनंदात जावो. तिने पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच आलं, दिवस आनंदात जावो सकट. सराईवालीला विचारलं तर ती म्हणाली, “अरे नावाड्या, ते मुद्दाम गायब झालेत. मरण रंगवायचं तर थोडे दिवस दिसायचं नसतं. जुने कलाकार आहेत ते. तू उगाच जिवाला लावून घेऊ नकोस.” किती छान पटण्यासारखं होतं ते. ती दिवसभर ते पटवून घ्यायची आणि संध्याकाळी तिसऱ्या दिव्याशी जाऊन उभी राहायची. कारखान्यात ती त्या आजींच्या कवळीची उजवी बाजू पुन्हा पुन्हा करत होती. भर घालायची, काढायची, घालायची. सर म्हणाले, “अगं, किती जीव घालशील त्या एका गालात?” आपल्याला मेण कळतं, ती मनात म्हणाली, गाल कळत नाहीत. बेडकाचाही विचार यायचा. कोण असेल तो? दवाखान्यात काम करणारा? रुग्णवाहिका चालवणारा? की ज्याच्या घरात टेबलाशी कुणी पेपर वाचता वाचता गेलं आणि ज्याने नंतर बसून सगळी लक्षणं पाठ केली असा कुणी? ह्या शेवटच्या विचाराशी तिचा चाकू मेणातच थांबला. कारण तसं तीही करू शकली असती. तिनेही पाठ करायला हवी होती. त्याऐवजी तिने नावाड्याच्या बापाचा हात धरला, आणि तेवढ्यावर मोकळी झाली. आणि ह्या वेळी तर ती जवळ होती. तू होतास ना रे लेका जवळ? होतो आजोबा, अगदी शेजारी होतो, नदीवर चार वाक्यं म्हणत होतो.

पुढच्या रविवारी मंडळी जमली. सराईवालीने कुणाला सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांना काहीतरी होणार असं वाटत होतं, आणि ते प्रेक्षकांसारखे अर्धगोल करून उभे होते. आणि आजोबा आले. ती खुर्ची ओढून स्क्रीनजवळ सरकली, आणि दुसऱ्याच क्षणी भलतंच काही दिसलं. आजोबा धावत होते. वाकलेला म्हातारा तरण्या पोरासारखा पळत आला, भिंतीवर आदळला, तिथेच पाय हलवत राहिला, वळला, सरळ नदीत गेला, बाहेर आला. नव्या मशीनवर खेळ उघडला की आधीची सगळी व्यवस्था जाते, धावणं परत येतं, हे तिला माहीत होतं. हा त्यांचा कॉम्प्युटर नव्हता. ही त्यांची बोटं नव्हती. “नमस्कार,” अक्षरं उमटली. “मी ह्यांची मुलगी. मला हे चालवता येत नाही, माफ करा. बाबा दवाखान्यात आहेत, शेजारीच बसलेत. पासवर्ड त्यांनीच दाबून दिला.” अर्धगोल हलला नाही. सराईवाली दोन पावलं पुढे आली, तिच्या संथ, डौलदार चालीने, आणि म्हणाली, “दिवेवाले, आज वेगळ्याच मुलखाची बोली बोलताय. नदीनं कुठे नेलं होतं तुम्हाला?” दोघातिघांनी माना डोलावल्या. वाहवा होती ती. तिला ओरडावंसं वाटलं आणि तोंडातून आवाज निघालाही, कारण बाहेरून आईने काय झालं गं म्हणून विचारलं. तिने लिहिलं, कंस न घालता, “गप्प बसा सगळे. ही खरी मुलगी आहे.” मग लिहिलं, “ताई, कसे आहेत ते?”

“वाचले,” मुलगी म्हणाली. “झटका आला होता. वाचा गेलीय, उजवा हात अजून उचलत नाही. घरी एकटेच होते. मी दूर असते. कॉम्प्युटर चालूच राहिला होता, त्यावर मी सगळं वाचलं. कुणीतरी सारखं कडी काढा, फोन करा लिहीत होतं. बाबांनी कडी काढली होती. दारातच पडले, म्हणून शेजाऱ्यांना दिसले. दार बंद असतं तर कुणाला कळलंच नसतं, असं डॉक्टर म्हणाले.” मग मुलीने विचारलं, “नावाडी तुम्हीच ना? तुमचंही वाचलं. फार सुंदर लिहिता तुम्ही.” त्यात टोमणा नव्हता. तिने ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं, टोमणा शोधला, मिळाला नाही. मिळाला असता तर बरं झालं असतं. “बाबा दोन दिवस स्क्रीनकडे बोट दाखवतायत,” मुलगी पुढे म्हणाली. “मी विचारलं, त्या शिंगांची टोपी घातलेल्याला भेटायचंय का, तर मान हलवली. आज आहे का तो इथे?”

कुणीच बोललं नाही. हे त्यांना जमायचंच. काठावर एवढी माणसं उभी होती आणि प्रत्येक जण जणू पात्राच्या आत खोल जाऊन बसला होता. “तो आता येत नाही,” तिने लिहिलं. “का?” “त्याला खेळातून काढलंय. तक्रार झाली होती.” झाली होती. बसलं वाक्य. पाऊस झाला, उशीर झाला, तक्रार झाली. “त्याची? कुणी केली?” मुलीने विचारलं. सराईवालीचा कंस लगेच उमटला, ‘हे इथे नको. बाहेरचं बाहेर.’ पंखा कुरकुरत होता. दारात आई येऊन उभी राहिली होती, पदराला हात पुसत, काही न विचारता. तिने लिहिलं, “मी केली. तो टिंगल करतोय असं लिहिलं मी. तो करत नव्हता, आणि मला ते तेव्हाही कळलं होतं. त्याला परत आणायला मी धडपडले, पण ते ऐकत नाहीत. तो कोण हे मला माहीत नाही. बाबांना सांगा.” आणि मग, कारण एवढ्याने भागत नव्हतं, “मी जवळ होते आणि मला कळलं नाही.”

आजोबा नदीच्या काठाशी उभे होते, भलतीकडे तोंड करून, जसं त्या मुलीने त्यांना सोडलं होतं तसे. मग अक्षरं आली, “वाचून दाखवलं बाबांना.” मागोमाग, “डोळे मिटून बसलेत.” आणि मग, “आता कीबोर्ड मागतायत.” ती पुढे वाकली. आजोबा काहीतरी लिहितील, एक अक्षर, एक शिवी, काहीही, ते झेलायला ती तयार होती. आजोबांनी उडी मारली. पाठीत वाकलेला म्हातारा जागच्या जागी टुणकन वर गेला आणि खाली आला. इतक्या वर्षांत काठावरच्या कुणी ते पाहिलं नव्हतं. मग पुन्हा एक, आणि थांबून पुन्हा एक. अर्धगोल मागे सरकला, दोघं सराईत निघून गेले. “डाव्या हातानं ते लांब बटण दाबतायत सारखं,” मुलगी म्हणाली. “थांबतच नाहीत. मला काही समजत नाही ते काय म्हणतायत. तुम्हाला कळतंय का?” तिला कळत होतं. शिरस्त्राणाची शिंगं, आगीचं चिलखत, आणि त्या घोळक्यात एकट्याने वर-खाली होत ओरडणारा तो, सगळं त्या म्हाताऱ्या उडीत होतं. ते त्याला हाक मारत होते. आणि तो नाही म्हटल्यावर त्याच्या जागी स्वतः उभे राहिले होते. “कळतंय,” तिने लिहिलं. मग तिने डोळे पुसले, हात पुढे केला आणि अंगठ्याने ते लांब बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं, जोराने, आणि पुन्हा. आजोबा उड्या मारत होते आणि पलीकडे नावाडी, खांद्यावर घोंगडी घेऊन, दोन्ही पाय जमिनीला टेकवून उभा होता.